जुन्या फियाटला टूरआधी कुठला फ्युएल पंप: मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

कोल्हापुरातनं गगनबावडामार्गे कोकणात उतरताना काही वाटत नाही, खरी परीक्षा परतीला करूळ घाट चढताना, इंजिन तापतं, लाईनमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि गाडी जागेवर गप्प. मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला म्हणून तापतो, पण वायरिंगची भानगड नाही, डायफ्रामचं (पंपातल्या रबरी पडद्याचं) किट डिकीत असलं की रस्त्याकडंला बसवता येतं (जुनं रबर मात्र आधीच बदला, इथेनॉलवालं पेट्रोल ते खातं). इलेक्ट्रिक टाकीजवळ बसतो, मागनं पेट्रोल ढकलतो, वाफेचा त्रास बराच कमी. फक्त प्रेशर २-३ पीएसआयच पाहिजे, जास्त झालं की कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) ओव्हरफ्लो. माझं मत, ओरिजनल काढूच नका, इलेक्ट्रिक जोडीला स्विचवर ठेवा, घाटापुरता. पंप बसवायचं ब्रॅकेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घ्या.