बियाफ्राची ‘दुर्मिळ’ नोट घेण्याआधी हे वाचा

जुन्या नोटा जमवणाऱ्यांनी, विशेषतः नव्याने या छंदात आलेल्यांनी, हे वाचावंच. प्रदर्शनात ओळख झालेल्या एका विक्रेत्याने नंतर व्हॉट्सॲपवरून मला बियाफ्राची एक पौंडाची नोट पाच हजारांना विकली. ‘युद्धात सगळ्या जळाल्या, जगात मोजक्या उरल्यात. शिवाय नायजेरियाची बँक आजही बदलून देते,’ असं त्याने सांगितलं. दोन्ही धादांत खोटं.

नोट मात्र अस्सल आहे, म्हणून कागद कितीही तपासला तरी संशय येत नाही.

बियाफ्रा हे नायजेरियातून फुटून निघालेलं, तिच्या पूर्व भागातलं प्रजासत्ताक. 30 मे 1967 ला जाहीर झालं, नायजेरियाशी युद्ध हरून जानेवारी 1970 मध्ये संपलं. जानेवारी 1968 मध्ये नायजेरियाने आपल्या जुन्या नोटा रद्द केल्या आणि बियाफ्रातल्या लोकांच्या हातातल्या पैशाचा कागद झाला. महिनाअखेरीस बँक ऑफ बियाफ्राने स्वतःच्या 5 शिलिंग आणि 1 पौंडाच्या नोटा काढल्या. पुढच्या वर्षी 10 शिलिंग, 5 आणि 10 पौंडांच्याही आल्या. युद्ध हरल्यावर त्यांना कोणी विचारेना. बँकेत कितीही जमा असो, खातेदाराच्या हातावर 20 पौंड टेकवले गेले. आयुष्यभराची पुंजी गमावलेल्या त्या माणसांच्या दुःखावर कोणी आपला माल खपवतो, याची चीड मला पैसे गेल्यापेक्षा जास्त आहे.

नोट बदलून मिळायचा तर प्रश्नच नाही. 1973 मध्ये नायजेरियाने पौंडच मोडीत काढून नायरा आणला.

आता दुर्मिळतेचं. एक पौंडाच्या कोऱ्या नोटा युद्धानंतर गड्ड्यांनी संग्राहकांच्या बाजारात आल्या; आजही काही शे रुपयांत मिळतात. 5 आणि 10 पौंडांच्या खरोखर कमी दिसतात आणि महाग असतात. त्यांचेच भाव दाखवून मला एक पौंडाची गळ्यात मारली. पुढे त्याने माझ्या नोटेच्या लगतच्या क्रमांकाची दुसरी नोटही देऊ केली. मोजक्याच उरल्या असतील, तर ओळीने क्रमांक येतील कुठून?

पैसे परत मागताच त्याने मला ब्लॉक केलं. यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवलं होतं; सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुम्हाला अशी नोट कोणी दाखवली, तर आधी तिचा क्रमांक मागा, आणि तशीच नोट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली ते शोधून मगच पैसे पाठवा.