कानाझावा किल्ला: फुकटातला दरवाजाच भारी

आधीच सांगून टाकते, जपानमधल्या कानाझावाच्या किल्ल्यात उंच मुख्य मनोरा नाही. १६०२ साली वीज पडून जळाला, तो परत कुणी बांधला नाही. म्हणून बरेच जण शेजारची केन्रोकुएन बाग बघून परस्पर स्टेशन गाठतात. असं करू नका. बागेसमोरच्या पुलावरून इशिकावा दरवाजाने आत शिरा. पुलाखाली पूर्वी खंदक होता, आता गाड्या धावतात.

पहिला दरवाजा तसा बेताचाच. तो ओलांडला की आपण चारी बाजूंनी बंद अशा चौकात येतो आणि खरा, बुरुजवजा माडी असलेला दरवाजा काटकोनात वळल्यावर दिसतो. आपल्याकडचे गोमुखी दरवाजे पाहिलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. हे बांधकाम १७८८ चं आहे, आगीनंतर पुन्हा उभारलेलं. छप्पर पांढुरकं दिसतं, कारण कौलांवर शिशाचा पत्रा आहे. वेळ पडली तर वितळवून गोळ्या करता याव्यात म्हणून, असं सांगतात. मला ही गोष्ट जरा रंगवलेली वाटते.

चौकातच थांबून दोन्हीकडचे तट नीट बघा. एकीकडे चिरे इतके तासून बसवलेत की सांध्यात नख शिरणार नाही. दुसरीकडे कडा जेमतेम ठाकठीक केलेले, मध्ये फटी सोडलेले दगड. एकाच दरवाजाला दोन तऱ्हा! मी तिथेच सगळ्यात जास्त रेंगाळले. माडीवर मात्र जाता आलं नाही, बंद होती.

आत हिशी यागुरा नावाचा बुरूज आणि त्याला जोडलेलं लांबलचक कोठार २००१ मध्ये जुन्या पद्धतीने नव्याने बांधलंय. मी गेले तेव्हा तिकीट ३२० येन होतं. नवं म्हणून नाक मुरडू नका. बुरुजाचे कोपरे काटकोनी नाहीत, ८० आणि १०० अंशांचे आहेत, त्यामुळे आतले खांबसुद्धा तिरकस चौकोनी तासावे लागले. सांगाड्याची लाकडी प्रतिकृती ठेवलीय, तीत खाचा-कुसवांचे सांधे छान समजतात. जिने फार उभे आहेत, आणि बूट काढावे लागतात. नुसत्या मोज्यांवर त्या गुळगुळीत लाकडावरून उतरताना कठडा सोडू नका. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ तिकिटाचे पैसे वाचवा, बाकी आवार फुकटच आहे.