लघवीचा संसर्ग टाळण्यासाठी क्रॅनबेरी की पाणी?

मराठवाड्यात चैत्र-वैशाखात उन्हाळी (लघवी करताना जळजळ) लागली की हल्ली औषधाच्या दुकानातून क्रॅनबेरीची पाकिटे आणली जातात. ती विकत घेण्यापूर्वी त्यांची तुलना साध्या पाण्याशी अवश्य करावी.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतील आंबट फळ असून, त्यातील प्रोअँथोसायनिडिन हे घटक ई. कोलाय जिवाणूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असे मानले जाते. उपचारांवरील संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३च्या आढाव्यानुसार, वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांना त्याचा प्रतिबंधासाठी उपयोग होतो. मात्र जडलेला संसर्ग त्याने बरा होत नाही. शिवाय बाजारातील तयार रसांत बहुधा साखर भरपूर असते.

पाण्याच्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या चाचणीत, जी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांचे संसर्ग वर्षभरात जवळपास निम्मे झाले.

तरीही कापूस वेचणारी किंवा उसाच्या फडात मोळ्या बांधणारी बाई, आडोसा नाही म्हणून, सकाळपासून घोटभर पाण्यावर राहते आणि लघवी रोखून धरते, तेव्हा तिला 'पाणी प्या' एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. फडाजवळ शौचालय हवेच. ते असेल, तर माझा कौल पाण्यालाच.

थंडी वाजून ताप, पाठीत कळ, लघवीतून रक्त किंवा गरोदरपण असल्यास दोन्ही पर्याय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व लघवीची तपासणी करून घ्यावी.