दहा महिने, एक छोटी चैनसॉ आणि ओट्यावरचा तेलाचा डाग

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा मागत फिरत होती आणि मी ओट्यावर बसून चैनसॉची, म्हणजे झाड कापायच्या मशिनीची, दोरी ओढत होतो. पन्नास-साठ वेळा ओढली असेल. चोक लावून, चोक काढून, प्लग पुसून, देवाचं नाव घेऊन. मशीन एकदा फुरफुरली आणि मेली. शेवटी एका पोट्ट्यानं विचारलं, "काका, तुमचा बैल नाई चालत का?"

त्या दिवशी हा अनुभव लिहिला असता तर दोन ओळींत संपला असता: घेऊ नका, पैसे पाण्यात. आता दिवाळी आली आहे, मशीन चालू आहे आणि मत थोडं बदललं आहे. पूर्ण नाही.

मशीन नेहमीचीच. पेट्रोलवरची टू-स्ट्रोक, चाळीसच्या आसपास सीसी, 16 इंची बार, म्हणजे जिच्यावर चैन फिरते ती पट्टी. तालुक्याच्या दुकानातून गेल्या डिसेंबरात 7,800 रुपयांना घेतली. कंपनी सांगत नाही. या किमतीतल्या मशिनी दिसायला सारख्याच असतात, फक्त रंग वेगळा. घ्यायचं कारण डिंक्या, संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळून झाड वाळवणारा रोग. वरुड भागात ज्यांची संत्र्याची बाग आहे त्यांना वेगळं सांगायला नको. माझी 34 झाडं वाळली होती. कटरवाला झाडामागं दीडशे मागत होता आणि आठ दिवस फोन उचलत नव्हता. हिशेब केला, दोन वर्षांत मशीन फुकटात पडते. विजेवरची स्वस्त होती, पण वावरात लाईन कधी दिवसा, कधी रात्री. रात्री बारा वाजता झाड कापायला मी काही चोर नाही.

आता मुख्य तक्रार. ही मशीन तेल गळते.

साखळीचं तेल वेगळ्या टाकीत भरावं लागतं, पंप ते बारवर सोडतो आणि ते भुशाबरोबर उडून जातं. ते परत येत नाही, हे मान्य. पेट्रोलची एक टाकी संपेस्तोवर तेलाचीही टाकी संपत येते, हेही मान्य. पण बंद ठेवलेली मशीन रात्रभर तेल का गळते? पहिल्याच आठवड्यात सारवलेल्या ओट्यावर ताटाएवढा डाग पडला. बायको म्हणाली, "हे मशीन हाय का तेलघाना?" दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, सगळ्याच गळतात. मग खोक्यावर का नाही लिहीत?

मी खोकल्याच्या औषधाचं झाकण घेऊन मोजलं. टाकी भरून, मशीन आडवी ठेवून, थंडीत आठ दिवसांत तीस मिली. मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, तेवढंच तीन दिवसांत. उन्हात तेल पातळ होतं आणि टाकीत हवा फुगते, मग ते वाट काढतंच. ही अक्कल मला सहा महिन्यांनी आली. तोवर मी जो सूड उगवायला गेलो तो अंगाशी आला.

सूड असा की तेलावर पैसे घालायचेच नाहीत. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल डबाभर पडलं होतं, ते गाळून भरलं. फुकटचं गळलं तर गळू दे. पंधरा दिवस छान चाललं. मग धुऱ्यावरची वाळकी बाभूळ कापताना बारमधून धूर यायला लागला. वाटलं लाकूडच चिवट आहे, जोर लावला. बार काढून पाहिला तर कड निळी पडलेली आणि तेल यायचं बारीक भोक काळ्या गाळानं बुजलेलं. त्या तेलात लोखंडाची कीस असते, ती गाळण्यानं जात नाही. नवा बार 650 रुपये. पंप वाचला हे नशीब. आता तेल येतं की नाही हे आधी बघतो: बारचं टोक जुन्या पेपरापासून चार बोटं दूर धरून रेस द्यायची, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे.

कापण्याबद्दल बोलायचं तर संत्र्याचं लाकूड तिला काहीच नाही. 34 झाडं सव्वादोन दिवसांत आडवी. सल, म्हणजे झाडावरच्या वाळक्या काड्या, काढायला मात्र ही मशीन नाही, त्याला कात्रीच बरी. पाच किलोचं धूड हातात घेऊन पेन्सिलीएवढ्या काड्या कोण कापणार? बाभळीचा ओला बुंधा कापते, वाळका रडत रडत कापते. फूटभरापेक्षा जाड झाड असेल तर दोन पाचरा सोबत ठेवा. माझा बार एकदा निंबाच्या खोडात असा चावला गेला की कुऱ्हाडीनं झाड तोडून मशीन सोडवावी लागली. आणि टोकाच्या वरच्या भागानं लाकडाला शिवायचं नाही. मशीन झटक्यात तोंडाकडे उसळते. माझी एकदा उसळली, पुढचा ब्रेक लागला म्हणून हे लिहितो आहे. त्या ब्रेकला सातपैकी सात गुण, बाकी कशालाच नाही.

चैनीला धार लावणं ही दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. दुकानदारानं सोबत 4.8 मिलीमीटरची गोल कानस दिली. माझ्या चैनीला 4 ची लागते. तीन वेळा चुकीच्या कानशीनं घासून मी दातांची वाट लावली. नंतर कळलं की एका बाजूचे दात जास्त घासले की काप सरळ जातच नाही, विळ्यासारखा वळतो. मला वाटायचं माझाच हात वाकडा. गावातले एक सुतारबाबा आहेत, त्यांनी मशीन आयुष्यात हातात घेतली नव्हती. त्यांनी चैन डोळ्यांजवळ नेली, नखानं एकेक दात चाचपला आणि म्हणाले, "करवतच हाय लेका, गोल केली मून का झालं?" दर दाताला तीनच घास, पुढच्या दिशेनंच, आधी एका बाजूचे सगळे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. त्या दिवसापासून भुसा पिठासारखा नाही, तांदळाच्या कणीसारखा जाड पडतो. पीठ पडायला लागलं की धार गेली, थांबायचं. 120 रुपयांच्या कानशीनं 7,800 ची मशीन चालते, हे मला चार महिन्यांनी कळलं.

मे अखेरच्या वादळात आमच्या पांदण रस्त्यावर निंब आडवा पडला. बंडी जाईना, ट्रॅक्टर जाईना. मी आणि सालदारानं मिळून पाऊण तासात रस्ता मोकळा केला. त्या दिवशी गावात माझी जी इज्जत वाढली ती सरपंचाचीही नसेल. लगेच तिघं आले की बांधावरची चिंच पाडून दे. चिंच, आंबा, मोह, साग ही झाडं स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, 1964 चा कायदा आहे. मशीन विकणारा हे सांगत नाही. मी नाही म्हणालो, इज्जत परत पहिल्या जागी.

आता पोळ्याचं भांडण. जूनमध्ये पेरणी लागली तशी मशीन टाकीत पेट्रोल ठेवूनच आडोशाला टाकली. चूक माझी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पावसाळ्यातली ओल ओढतं आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक करतं. पण जिल्ह्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यानं हे सांगितलंच नाही. मशीन न उघडता म्हणाला, "काका, तुमी पेट्रोलमंदी ऑइल कमी टाकलं. पिस्टन गेला. वॉरंटी नाई भेटत." ऑइलच्या बाटलीवर लिटरला 20 मिली लिहिलं आहे, मशीनच्या पुस्तकात 40. मी पहिल्या दिवसापासून 40 च टाकतो, धूर जास्त झाला तरी. म्हटलं, मफलरचे दोन बोल्ट काढ, आतून पिस्टन दिसतो, रेघा दाखव. अर्धा तास तो काढायला तयार नव्हता. शेवटी काढला. पिस्टन आरशासारखा. मग म्हणतो, पूर्ण कार्बोरेटर बदला, 1,150. मी मशीन उचलली आणि बसस्टँडजवळच्या पंप-फवारणी दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं 180 रुपयांचा पडद्याचा किट टाकला, जाळी फुंकली, तिसऱ्या ओढीला चालू. त्यानं चहाही पाजला.

घ्यायची का? वर्षाला वीसेक झाडं असतील, कानस धरता येत असेल आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचा कंटाळा नसेल तर घ्या. वर्षाला दोन झाडांसाठी कटरवाल्याचे पाय धरलेले परवडतात.

माझा आतापर्यंतचा खर्च मशीन, बार, किट, दोन चैनी, तेल धरून अकरा हजारांवर गेला. कटरवाल्याचे वाचलेले पैसे अजून त्याच्या मागेच आहेत.

गळणं थांबलेलं नाही. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा कापून त्यात मशीन ठेवतो, साचलेलं तेल फडक्यातून गाळून परत टाकीत भरतो. शेजारी मशीन मागायला येतात. त्यांना मी मशीन देतो, पेट्रोलही देतो. चैन काढून ठेवतो. ज्याला कापायचं त्यानं आपली आणावी, तालुक्यात साडेचारशेला मिळते.