पाच महिने गूगल स्कॉलर: तीन तारे, तेही फुकट आहे म्हणून

एका सत्राचे निबंध गूगल स्कॉलर (अभ्यासलेखांचं सर्च इंजिन) आणि शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) काढले. खाली उदाहरणाला एकच विषय घेतो: १९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी योजना.

पहिली गोची वर्षांची. इंग्रजीत नुसतं 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी' टाकलं की २००५च्या केंद्रीय कायद्यावरचे लेख धो धो येतात, कारण ज्यांचा हवाला जास्त दिला गेलाय ते लेख वर चढतात. वजाचं चिन्ह लावून 'नरेगा' (त्या केंद्रीय कायद्याचं लघुरूप) वगळायचा मोह टाळा. दोन्ही योजनांची तुलना करणारे कामाचे लेखही त्यात उडतात. त्यापेक्षा डावीकडे १९७३ ते २००४ अशी मर्यादा घाला, योजनेचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत आणि 'महाराष्ट्र' बाहेर. तुलनेचे लेख नंतर ही मर्यादा काढून शोधा.

'ड्रॉट', 'फॅमिन'वर थांबू नका. १९६३ साली चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला (दुष्काळ मात्र राहिला), म्हणून सरकारी कागदांत 'स्कार्सिटी' (टंचाई) सापडते. पर्यायी शब्दांमधला 'ऑर' कॅपिटल अक्षरांत टाका.

आता खरी डोकेदुखी: 'ऱ'. 'शेतकऱ्यांचे स्थलांतर' मधला 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मागे न दिसणारा एक जोडवर्ण. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधणारं सॉफ्टवेअर ते एकच मानेल याचा भरवसा नाही. म्हणजे लेख असूनही 'काही सापडलं नाही', आणि विद्यार्थी म्हणतो मराठीत या विषयावर लिहिलंच नाही! उपाय गावठी आहे, पण चालतो: 'ऱ' येणारं रूपच टाळा. 'शेतकरी स्थलांतर' असे मूळ शब्द, अवतरणचिन्हांशिवाय. विभक्ती प्रत्यय तसेही शोध बिघडवतात. 'दुष्काळ', 'दुष्काळात', 'दुष्काळी' वेगवेगळे टाकून पाहा. सोबत 'रोहयो', म्हणजे रोजगार हमी योजनेचं लघुरूप.

'साइटेड बाय'बद्दल (लेखाचा हवाला किती जणांनी दिला, तो आकडा आणि दुवा) मात्र मत बदललं. आधी तो नुसता मिरवण्याचा आकडा वाटायचा. योजनेवरचा एखादा जुना, पायाभूत लेख धरून तो दुवा उघडा, त्याच लेखांमध्ये शोधण्याच्या चौकटीत खूण करा आणि 'विमेन' टाका. रोहयोवरच्या बायकांच्या मजुरीचं सगळं नवं लिखाण एका ओळीत. यासाठी एक तारा वाढवला.

पीडीएफ दिसत नसेल तर पैसे भरण्याआधी 'ऑल व्हर्जन्स' बघा. लेखकानेच टाकलेली प्रत बरेचदा तिथे असते. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाच्या मोफत खात्यावर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. निबंधाला रग्गड. स्कॉलरने तयार करून दिलेली संदर्भाची ओळ मात्र तशीच चिकटवू नका: प्रकाशक गायब, नाव सगळं कॅपिटलमध्ये, असले प्रकार असतात.

शोधगंगेवर मराठी प्रबंधांची नावं कधी रोमन लिपीत असतात, म्हणून 'दुष्काळ' रोमनमध्येही, एक 'ए' आणि दोन 'ए' घालून शोधा. जुन्या फॉन्टमधल्या किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये कंट्रोल एफ दाबून काहीच मिळत नाही. अशा वेळी प्रकरणांच्या नादी न लागता संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. ती बहुधा वेगळीच ठेवलेली असते.