चीफ फोटोग्राफर की फोटो एडिटर?

वीस-बावीस वर्षं रस्त्यावर काढली की वृत्तपत्रातल्या छायाचित्रकाराला दोन जागा खुणावू लागतात. एक चीफ फोटोग्राफरची, दुसरी फोटो एडिटरची. पहिलीवर मी चार वर्षं होतो, दुसरीवर आता पाच वर्षं होतील. गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याला दोन्हीकडून विचारणा झाली. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतोय. पगार आणि सुट्ट्या ज्याच्या त्याच्या संस्थेप्रमाणे, त्यात शिरत नाही. माझा अनुभवही पुण्यातल्या दैनिकापुरताच आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

चीफ फोटोग्राफर झालात तरी कॅमेरा गळ्यातच राहतो. सकाळी सगळ्यांच्या ड्यूट्या लावायच्या आणि मोठ्या बातमीला स्वतः निघायचं. या कामातला खरा आनंद म्हणजे नव्या मुलांना सोबत नेता येतं. माउलींची पालखी दिवे घाट चढताना कुठल्या वळणावर थांबायचं, विसर्जन मिरवणुकीत गुलाल उधळत असताना लेन्स का बदलायची नाही, या गोष्टी ऑफिसात बसून शिकवता येत नाहीत. मी त्या माझ्या वरिष्ठांच्या मागे चालत शिकलो आणि माझ्या मागे चालत चार जण शिकले. त्या वर्षांबद्दल माझ्या मनात आजही फक्त माया आहे.

मग सोडलं का? एका फोटोमुळे.

ऑगस्ट २०१९. सांगलीजवळच्या एका गावात कृष्णेचं पाणी शिरलं होतं. होडीत एक आजी, तिच्या मांडीवर शेळीचं करडू आणि मागे वल्हं मारणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. सकाळपासून किती खेपा झाल्या, हे त्यालाही सांगता येत नव्हतं. रेंज मिळेपर्यंत बरंच अंतर चालून मी फोटो पाठवला. पहिल्या पानावर चार कॉलमी घेतोय, असा निरोप आला. रात्री उशिरा जाहिरात आली आणि चाराचे दोन कॉलम झाले. कापताना मुलगा गेला. आजी तेवढी उरली, जणू होडी आपोआप चालली होती. फोटोओळीत गावाचं नावही चुकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलानं कुणाच्या तरी मोबाइलवर पान पाहिलं आणि मला विचारलं, “दादा, ह्यात मी कुठं हाय?”

पान लावणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला पंधरा मिनिटांत जागा काढायची होती. पण त्या खोलीत फोटोच्या बाजूनं बोलणारं कुणीच नव्हतं आणि मी दोनशे किलोमीटरवर होतो. चीफ फोटोग्राफर असूनही माझा अधिकार शटर दाबेपर्यंतच चालत होता. त्याआधीही फोटो कापले गेले होते, पण या वेळी त्या मुलाला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

फोटो एडिटर संध्याकाळच्या बैठकीत, म्हणजे उद्याच्या पानांवर काय जाणार हे ठरतं तिथे, असतो, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक. व्हिएतनाम युद्धात एपी वृत्तसंस्थेचा सायगावमधला फोटो विभाग सांभाळणारे हॉर्स्ट फास यांचं उदाहरण मी नेहमी देतो. ते स्वतः मोठे छायाचित्रकार, १९६५चं पुलित्झर मिळालेले. १९७२मध्ये नापामच्या, म्हणजे आग लावणाऱ्या बॉम्बच्या, हल्ल्यातून उघड्या अंगानं धावत येणाऱ्या मुलीचा फोटो त्यांच्या टेबलावर आला. नग्नतेबाबतच्या संस्थेच्या नियमामुळे तो अडला असता. फास हटून बसले, म्हणून तो जगभर गेला.

डेस्कवर बसलं की आतला छायाचित्रकार मरतो, ही भीती मलाही होती. थोडी खरीही आहे. पाठ दुखते, संध्याकाळी शेकडो फोटो बघून डोळे शिणतात आणि पहिला पाऊस खिडकीतून बघावा लागतो. पण २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री सीएसटी स्थानकात कसाबचा फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसूझा तेव्हा ‘मुंबई मिरर’चे फोटो एडिटरच होते. समोरच्या ऑफिसातून कॅमेरा उचलून ते धावले. मीही वारीचे दोन दिवस स्वतःसाठी मागून घेतो, ते आजवर मिळाले आहेत.

तुमच्याकडे दोन-तीनच छायाचित्रकार असतील, तर दोन्ही कामं बहुधा एकालाच करावी लागतील आणि हा प्रश्न उरणार नाही. अजून दहा वर्षं पाय थांबणार नाहीत असं वाटत असेल, तरी घाई करू नये. बाकीच्यांनी डेस्कचा विचार जरूर करावा, असं मला वाटतं. फक्त होकार देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: रात्री जाहिरात आली आणि फोटो कापायची वेळ आली, तर आधी फोन कुणाला जातो? उत्तर गुळमुळीत आलं, तर ते पद नावापुरतंच आहे असं समजा.

मी ते विचारून घेतलं होतं. तसा पहिला फोन रुजू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आला, रात्री पावणेअकराला. ऊसतोड कामगारांचा फोटो होता, उजव्या कडेला मोळी उचलणारी बाई. मी तो पहिल्या पानावरून काढून तिसऱ्या पानावर न कापता लावायला सांगितला. त्या बाईसकट छापून आला.