बॉयलरच्या ट्यूबवरचा खार: ॲसिड वॉश, सॉफ्टनर आणि एका हंगामाचा अनुभव

लातूरला सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटवर (तेल काढायच्या कारखान्यात) मी बॉयलर सांभाळतो. बॉयलर तीन टनी (तासाला तीन टन वाफेचा), तीन पासचा (धूर तीनदा फिरतो असा), स्मोक ट्यूबचा. जळण ब्रिकेटचं, पाणी बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं. गेल्या ऑगस्टमध्ये ॲसिड वॉश करून घेतला, सोबत पाणी मऊ करणारा २०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर आणि बॉयलरच्या पाण्यात फॉस्फेट-पॉलिमरचं औषध सोडणारं डोसिंग बसवलं. ऑक्टोबर ते जून हंगाम चालवला, मग तपासणीसाठी बॉयलर उघडला आणि आतून पाहिल्यावरच हे लिहायला घेतलंय. आधी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

आधीची परिस्थिती सांगतो. आठ किलो दाबावर चिमणीचं तापमान पूर्वी २१० अंशांच्या आसपास असायचं. वॉशच्या आधीच्या हंगामात ते २८० ला टेकलं. आम्ही दर आठवड्याला ट्यूबला ब्रश मारायचो. ब्रश मारला की २५-३० अंश उतरायचं, पण २५० च्या खाली काही येईना. खरं दुखणं तिथंच कळायला हवं होतं. स्मोक ट्यूबच्या बॉयलरमध्ये धूर ट्यूबच्या आतून जातो आणि पाणी बाहेरून असतं. ब्रशने निघते ती काजळी. खार, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा घट्ट थर, बसतो बाहेरच्या अंगाला, तिथं ब्रश पोचतच नाही. वॉटर ट्यूबवाल्यांचा खार ट्यूबच्या आत असतो, त्यांना कटर फिरवून काढता येतो. आपल्याला रसायनाशिवाय मार्ग नाही. म्हणून ब्रश मारल्यानंतरचं तापमान रोज लिहून ठेवा. साधारण २२ अंश वाढले की कार्यक्षमता एक टक्क्याने घसरते, असा हिशेब आहे.

जळण जास्त लागतंय हे मालकाला सांगून पटलं नव्हतं. पटलं ते मागच्या ट्यूब प्लेटवर (ट्यूबची टोकं जिच्यात बसवलेली असतात ती प्लेट) सहा ट्यूब पाझरायला लागल्यावर. एक्स्पांडर मारून टोकं फुगवून घट्ट केली, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. भट्टीतला जाळ वळून दुसऱ्या पासमध्ये शिरतो ती जागा सगळ्यात तापते. तिथं खाराचा थर असला की लोखंडातली उष्णता पाण्यात उतरत नाही, लोखंड तापत राहतं आणि ट्यूबची टोकं सैल होतात. हँडहोल (आत हात घालायचं झाकणाचं भोक) उघडून बॅटरी मारली तर दोन ट्यूबमधली फट काही ठिकाणी बुजत आली होती.

हा खार येतो कुठून? आमच्या बोअरचा हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, ऑक्टोबरात ४५० पीपीएम (लिटरला ४५० मिलिग्रॅम) असतो. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली शेवटची मर्यादा ६००, म्हणजे माणसाला हे पाणी चालतं. बॉयलरला नाही. त्याला ५ च्या आतलं पाणी द्यावं. आमचं कंडेन्सेट (वाफेचं पुन्हा झालेलं पाणी) निम्मं परत येतं, तरी रोज २२-२३ हजार लिटर नवीन पाणी लागतं. गुणाकार करा: रोज जवळपास १० किलो चुना आपण पंपाने बॉयलरात ढकलतो. वाफ निघून जाते, चुना कुठं जाणार? पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं, आणि न विरघळणारा कार्बोनेट ट्यूबवर जमतो.

ॲसिड वॉशबद्दल थोडं सविस्तर, कारण यात नुकसान मोठं होऊ शकतं. तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने आमच्याकडे ॲसिड ओतलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पाणी सोडून दिलं. ॲसिडने लोखंड खाऊ नये म्हणून घालायचं इनहिबिटर घातलं होतं का, हे विचारायचं आम्हालाही सुचलं नाही. त्यानंतर दोन ट्यूब पातळ होऊन बदलाव्या लागल्या. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण राखणारा मी होतो.

या वेळी खाराची खपली काढून आधी कपभर पातळ ॲसिडमध्ये टाकून पाहिली. जोरात फेस आला आणि बराचसा तुकडा विरघळला, म्हणजे मुख्यतः कार्बोनेट. तळाला राखाडी, काचेसारखी कणी राहिली, ती सिलिका असावी. आपल्या काळ्या दगडातल्या पाण्यात ती असतेच आणि साध्या हायड्रोक्लोरिक ॲसिडला ती दाद देत नाही. तिच्यासाठी वापरतात ती फ्लोराइडची रसायनं फार घातक. ती नको म्हणालो आणि तेवढा थर राहू दिला.

काम असं झालं. सेफ्टी व्हॉल्व्ह काढला, गेज ग्लास आणि पितळी फिटिंग बंद केली, इनहिबिटर घातलेलं पाच टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकीतून पंपाने खालून वर फिरवलं. वरचं मॅनहोल उघडं, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस सुटतो आणि थोडा हायड्रोजनही. विडी-काडी, वेल्डिंग सगळं बंद. दर अर्ध्या तासाने ॲसिडची ताकद टायट्रेशनने (थेंब थेंब रसायन घालून मोजायची रीत) पाहिली. खार असेपर्यंत ताकद घटत जाते, ती घटायची थांबली की काम संपलं. आमच्याकडे ११ तास लागले. वेळ ठरवून ॲसिड ठेवणाऱ्याला कामच देऊ नका. मग उरलेलं ॲसिड मारायला सोडा ॲशचं पाणी, धुणं, आणि शेवटी ट्रायसोडियम फॉस्फेट घालून उकळवणं. यानंतरही सुटलेल्या खपल्या तळाशी साचतात. त्या हँडहोलमधून हाताने काढाव्या लागतात. आम्ही नऊ घमेली काढली. वापरलेलं ॲसिड उदासीन करूनच ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेला) सोडलं.

हंगाम सुरू झाला तेव्हा चिमणी २१४ वर होती आणि रोजचं साडेआठ टन ब्रिकेट सव्वाआठवर आलं. कोणी २० टक्के बचत सांगत असेल तर आमच्याकडे तशी दिसली नाही. पण ट्यूब पाझरणं थांबलं, मला तेच मोठं.

आता सॉफ्टनर. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं, हेच रिजनरेशन. आमच्या २०० लिटर रेझिनला एका रिजनरेशनला ३० किलो खडा मीठ लागतं. बसवणाऱ्याने दर २० हजार लिटरला रिजनरेशन करायला सांगितलं. ऑक्टोबरच्या पाण्याला ते बरोबर होतं. मार्चपर्यंत मी समाधानी होतो. रोज सकाळी टेस्ट किटचे थेंब टाकायचे, रंग निळा आला की पाणी मऊ, लाल आला की जड. रजिस्टरभर निळंच निळं.

एप्रिलमध्ये एक दिवस आमचे फायरमन मामा संध्याकाळी येऊन म्हणाले, "दादा, लाल येतंय." मला वाटलं थेंब चुकले. मी स्वतः टाकले, लालच. मामांनी सहज म्हणून संध्याकाळच्या फेरीला टेस्ट केली होती. आम्ही रोज सकाळी रिजनरेशन उरकल्यावर टेस्ट करत होतो! नुकतं धुतलेलं रेझिन निळाच रंग दाखवणार. पाणी जड व्हायचं ते त्यानंतर १२-१३ तासांनी, आणि तेव्हा कोणी पाहत नव्हतं.

कच्चं पाणी तपासलं तर ८५०. बोअरची पातळी खाली गेली होती आणि टँकरही दुसऱ्याच बोअरचा. रेझिन साधारण १० किलो हार्डनेस धरतं. ४५० च्या पाण्याला ते २२ हजार लिटर पुरतं, ८५० च्या पाण्याला साडेअकरा हजारच. बाकीचं पाणी तसंच बॉयलरात जात होतं, किती दिवस ते रजिस्टरवरून कळायला मार्ग नाही. सॉफ्टनरमध्ये दोष काही नाही. आपल्याकडे ऑक्टोबरचं पाणी आणि एप्रिलचं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत, आणि लातूरसारख्या गावाला, ज्याला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे मी सांगायला नको. तेव्हापासून १० हजार लिटरला रिजनरेशन आणि टेस्ट रिजनरेशनच्या अगदी आधी. मिठाचा खर्च दुप्पट झाला. होऊ द्या.

फॉस्फेट-पॉलिमरचं डोसिंग मी ठेवणार आहे, पण आधारासाठीच. सॉफ्टनरमधून निसटलेल्या थोड्या हार्डनेसचा ते मऊ गाळ करतं. तो गाळ ब्लोडाऊनने, म्हणजे बॉयलरचं थोडं पाणी खालून सोडून, काढला नाही तर तोही शिजून बसतो. दर पाळीला थोड्या थोड्या सेकंदांचे दोन-तीन ब्लोडाऊन चांगले, एकच लांबलचक नको. औषध आहे म्हणून सॉफ्टनर नको, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. रोज १० किलो चुन्याला पुरेल एवढं औषध टाकलं तर बॉयलरात चिखलच होईल.

पाइपवर बसवायचं मॅग्नेटही आमच्याकडे होतं. पाच महिने ठेवलं. त्याने हार्डनेस कमी होत नाही हे विकणाराही मान्य करतो, खार चिकटत नाही एवढाच दावा असतो. वर सांगितलेली बुजलेली फट त्याच पाच महिन्यांनंतरची आहे.

सॉफ्टनरची एक मर्यादा बसवताना कोणी ठळक सांगत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, तेवढाच राहतो. आमच्या बोअरचा ११००, कंडेन्सेट मिसळून फीडचा (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचा) ६५०. बॉयलरमध्ये ३५०० च्या आत ठेवायचा तर शंभर लिटर पाण्याच्या वाफेमागे २२-२३ लिटर पाणी ब्लोडाऊनला जातं. दिवसाला सात हजार लिटर, तेही तापवलेलं. टँकरचे पैसे मोजणाऱ्या गावात हे पाहवत नाही. आरओ लावला तर ब्लोडाऊन फार थोडा उरेल, पण आरओचं रिजेक्ट पाणी कुठं वापरायचं ते आधी ठरवावं लागेल. राख विझवायला काही जाईल, सगळं नाही. हा विषय मालकांपुढे ठेवलाय.

जूनमध्ये उघडल्यावर ट्यूबवर पांढुरकी पूड होती, बोटाने पुसली की लोखंड दिसत होतं. फक्त फीडच्या तोंडाजवळच्या आठ-दहा ट्यूबवर नखाएवढ्या जाडीचा घट्ट थर होता. एप्रिलचाच असणार. सिलिकेचा जुना पट्टा होता तसाच आहे, वाढलेला नाही. या वर्षी ॲसिड वॉश करायचा नाही असं ठरलं, थर लाकडी पट्टीने जमेल तेवढा काढला.

टेस्ट किट आता दोन आहेत. एक बॉयलर हाऊसमध्ये, दुसरं गेटवर वॉचमनकडे. टँकर आत यायच्या आधी मामा त्याची बाटली भरून घेतात आणि आकडा टँकरच्या नंबरासमोर लिहितात.